नऊ विजय, तीन पराभव : नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकांचं प्रकरण

२८ नोव्हेंबर २००३, शुक्रवार. कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावात नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने यजमानांना ३१-२२ असं हरवलं. नियमित हंगाम संपला. नऊ सामने जिंकले, तीन हरले. आदल्या वर्षी हाच संघ सात विजय, सात पराभवांवर अडकला होता. त्या मानाने गाडी रुळावर येत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांची नोकरी गेली.

सोलिच याच विद्यापीठाकडून खेळलेले. एकोणीस वर्षं तिथेच सहायक प्रशिक्षक आणि मग सहा वर्षं मुख्य प्रशिक्षक. त्या सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. त्यांना काढणारे क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन हेही बाहेरचे नव्हते, नेब्रास्कातल्याच नॉर्थ प्लॅट गावचे. पत्रकारांसमोर त्यांनी दिलेल्या कारणाचा मथितार्थ असा, की संघाला सुमारपणाकडे घरंगळू देणार नाही आणि टेक्सस-ओक्लाहोमा या प्रतिस्पर्धी विद्यापीठांसमोर हात टेकणार नाही.

त्यानंतरच्या वीस वर्षांत नेब्रास्काने एकामागून एक पाच प्रशिक्षक नेमले. आपल्या साखळीचं, म्हणजे ज्या विद्यापीठांच्या गटात ते खेळतात त्या गटाचं विजेतेपद मात्र एकदाही हाती लागलं नाही. शेवटचं विजेतेपद १९९९चं, तेही सोलिच यांच्याच काळातलं.

माझं मत आधीच मांडलेलं बरं. सोलिच यांना काढलं ही चूक होतीच. पण त्याहून मोठी चूक ही, की चाळीस वर्षांचं यश नेमकं कशावर उभं होतं हे विद्यापीठाला ओळखता आलं नाही. तीच चूक पुढे उलट्या दिशेनेही झाली, एका घरच्या माणसाला आणताना. म्हणून हे प्रकरण एका माणसावरच्या अन्यायाएवढंच नाही.

जागा आणि खेळ

आपल्याकडे विद्यापीठाचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो तेव्हा बातमी चार ओळींची येते. नेब्रास्कात चित्र फार वेगळं आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण दोन-तृतीयांश असलेल्या या राज्याची लोकसंख्या २००० साली १७ लाख होती, म्हणजे तेव्हाच्या एकट्या पुणे शहराहूनही कमी. मका, गुरं, लांबच लांब सपाट रान. वरच्या दर्जाचा एकही व्यावसायिक संघ नाही. लिंकन या राजधानीच्या गावातलं विद्यापीठ आणि त्याचा संघ, 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. मेमोरियल स्टेडियम १९२३ साली बांधलं. ३ नोव्हेंबर १९६२पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. पडत्या वर्षांत उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेतली, पण ती मालिका तुटू दिली नाही. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम हेच ओमाहा आणि लिंकनखालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि आकडे पाहिले तर ते खरंही आहे.

खेळाबद्दल इतकंच, की चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकत पुढे सरकायचं, शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून मारला तर एक जादा गुण, किंवा धोका पत्करून पुन्हा रेषा ओलांडली तर दोन. हंगाम बारा-तेरा सामन्यांचा. त्यामुळे एकेका पराभवाचं ओझं फार. हंगाम चांगला गेला तर वर्षअखेरीस निमंत्रितांचा सामना मिळतो, त्याला 'बोल' म्हणतात.

देवानींनी काय उभं केलं

१९६१ साली नेब्रास्काचा संघ हरण्याला सरावलेला होता. बिल जेनिंग्ज यांच्या पाच वर्षांत १५ विजय आणि ३४ पराभव. १९६२मध्ये शेजारच्या वायोमिंगहून बॉब देवानी आले. त्यांनी आपले सहायक सोबत आणले, पण नेब्रास्काच्या मातीतल्या क्लीटस फिशर यांना आधीच्या चमूतून ठेवून घेतलं. पहिल्याच वर्षी नऊ विजय, दोन पराभव.

देवानींची गोष्ट नुसती चढतीची असती तर इथे तिचा फारसा उपयोग नव्हता. १९६७ आणि १९६८ या दोन्ही वर्षी सहा विजय, चार पराभव. १९६८ची अखेर ओक्लाहोमाकडून ४७-० अशा मारानं झाली. ओमाहामध्ये त्यांना काढा म्हणून सह्यांची मोहीम सुरू झाली. देवानी त्या वेळी क्रीडा संचालकही होते, त्यामुळे त्यांना काढणं सोपं नव्हतं हे खरं. पण त्यांनी खुर्चीला चिकटून राहण्यापलीकडे काहीतरी केलं. आक्रमणाची सगळी रचना बदलायचं काम त्यांनी तिशीतल्या एका सहायकाकडे दिलं. त्याचं नाव टॉम ऑस्बर्न. हेस्टिंग्ज गावचा, काही काळ व्यावसायिक फुटबॉल खेळून परत आलेला, शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस.

त्याच १९६९ साली आणखी एक गोष्ट झाली. बॉयड एप्ली नावाचा बांबूउडी मारणारा विद्यार्थी पाठीच्या दुखापतीमुळे वजनं उचलत असे. जायबंदी फुटबॉलपटू त्याच्यासोबत व्यायाम करून तगडे होऊन परततात, हे ऑस्बर्न यांच्या नजरेला आलं. तेव्हा वजनं उचलली की खेळाडू मंद होतो असा सगळीकडे समज होता. देवानींनी एप्लीला पगारावर ठेवलं आणि बजावलं, की एक जरी खेळाडू मंदावला तरी तुझी नोकरी गेली. आज अमेरिकेतल्या प्रत्येक विद्यापीठात ताकदीचा वेगळा प्रशिक्षक असतो. त्याची सुरुवात लिंकनमधल्या त्या खोलीत झाली असं मानलं जातं.

१९७० आणि १९७१ला राष्ट्रीय विजेतेपद. १९७१च्या नोव्हेंबरात ओक्लाहोमाविरुद्धचा ३५-३१ हा सामना 'शतकातला सामना' म्हणून आजही ओळखला जातो. १९७२नंतर देवानी १०१ विजय, २० पराभव आणि २ बरोबरींवर थांबले आणि संघ ऑस्बर्नच्या हाती दिला. क्रीडा संचालक मात्र तेच राहिले, १९९३पर्यंत.

ऑस्बर्न : धीर कोणी धरला?

ऑस्बर्न यांचे अखेरचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. २५ हंगाम, २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. शेवटच्या पाच वर्षांत ६० विजय, ३ पराभव, आणि १९९४, १९९५, १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. आज त्यांचं नाव निघतं ते या आकड्यांमुळे.

पण मला त्यांची आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. पहिल्या पाच हंगामांत ओक्लाहोमाने त्यांना दरवेळी हरवलं. पहिला विजय १९७८मध्ये मिळाला, १७-१४. त्याच वर्षअखेरीस लोकांच्या नाराजीने थकलेले ऑस्बर्न कोलोरॅडोची नोकरी बघायला बोल्डरला जाऊन आले. सुदैवाने परत आले. १९८४च्या जानेवारीत मायामीविरुद्ध ऑरेंज बोलमध्ये शेवटच्या मिनिटात टचडाउन झाला आणि गुण झाले मायामी ३१, नेब्रास्का ३०. एक गुण लाथेने मारून बरोबरी साधली असती तरी राष्ट्रीय विजेतेपद बहुधा त्यांचंच होतं. ऑस्बर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. चेंडू मायामीच्या खेळाडूच्या हाताला लागून भरकटला आणि विजेतेपद गेलं. बरोबरीवर विजेतेपद घ्यायचं नाही, हा त्यांचा निर्णय नेब्रास्काच्या माणसांनी नंतर छातीशी धरला. पुढे १९८७ ते १९९३ या हंगामांत सलग सात बोल सामने हरले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं ते बाविसाव्या वर्षी.

आता एक तुलना. ऑस्बर्न यांच्या पहिल्या सहा वर्षांचा हिशेब ५५ विजय, १६ पराभव, २ बरोबरी. सोलिच यांच्या सहा वर्षांचा ५८ विजय, १९ पराभव. सामने थोडे जास्त झाले एवढाच काय तो फरक. २००३ची फूटपट्टी १९७८ला लावली असती तर ऑस्बर्न गेले असते, आणि तीन विजेतेपदंही त्यांच्यासोबत.

तेव्हा ते टिकले, कारण वर देवानी होते. ज्याने स्वतः सह्यांची मोहीम सोसली होती, तो माणूस तीन पराभवांनी बिथरणारा नव्हता. शिवाय आपण नेमलेल्या माणसाकडे रोज काय काम चाललंय हे त्याला जवळून दिसत होतं. गुणफलक पाहून न्याय करायची त्याला गरजच नव्हती.

ते रोजचं काम काय होतं? सराव एकाच वेळी मैदानाच्या वेगवेगळ्या भागांत चाले, म्हणजे पहिल्या फळीतला खेळाडू आणि चौथ्या फळीतला खेळाडू, दोघांच्या वाट्याला सारख्याच फेऱ्या येत. शिष्यवृत्ती न घेता स्वखर्चाने संघात आलेल्या मुलांना तिकडे 'वॉक-ऑन' म्हणतात. नेब्रास्कात ती डझनांनी असत. ब्रेनर्डसारख्या छोट्याशा गावातले मॅकोविका बंधू याच वाटेने आले. गावात धान्याचा एक उंच साठा, एक चर्च, एक शाळा, आणि त्या शाळेतला एक मुलगा लिंकनला जाऊन तीन वर्षं मार खात, वजनं उचलत चौथ्या वर्षी मैदानावर उतरतो. सबंध गाव त्याला बघायला जातं. दरम्यान शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा १९७३मध्ये १०५, मग ९५ आणि १९९४पर्यंत ८५ अशी खाली येत गेली. इतर मोठ्या संघांना ती बोचली. नेब्रास्काला तुलनेने कमी बोचली, कारण त्यांची मधली फळी शिष्यवृत्तीवर उभी नव्हतीच.

दुसरी गोष्ट सहायकांची. मिल्ट टेनोपिर यांनी १९७४पासून २००२पर्यंत आक्रमणाच्या रांगेला शिकवलं. चार्ली मॅकब्राइड १९७७ला आले आणि १९९९ला निवृत्त झाले. जॉर्ज डार्लिंग्टन १९७३पासून २००२पर्यंत. अमेरिकेत सहायक प्रशिक्षक दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलतो. लिंकनमध्ये ते घर बांधून राहिले, त्यांची मुलं तिथल्या शाळांत शिकली, आणि प्रत्येक शाळेचा प्रशिक्षक त्यांना नावानिशी ओळखत होता. त्यांचा 'ऑप्शन' हा धावता खेळ याच सातत्यावर उभा होता. त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, धावता धावता समोरच्या एका रक्षकाकडे पाहून ठरवतो, की चेंडू स्वतः न्यायचा की बाजूच्या साथीदाराकडे भिरकवायचा. हा निर्णय अर्ध्या क्षणात व्हावा म्हणून अकराही जणांना हजारो वेळा तोच सराव लागतो. चार वर्षं थांबायची तयारी असलेली मुलं आणि तीस वर्षं थांबलेले शिक्षक असतील तरच तो जमतो.

ऑस्बर्न यांच्या काळावर एक गडद डागही आहे. १९९५मध्ये लॉरेन्स फिलिप्स या धावपटूने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने, आपल्या माजी मैत्रिणीला मारहाण केली. ऑस्बर्न यांनी त्याला आधी संघातून काढलं आणि सहा सामन्यांनंतर परत घेतलं. शिस्तीच्या चौकटीत राहिला तरच हा मुलगा सावरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय पटत नाही, मला तरी पटत नाही. फिलिप्स सावरलाही नाही. २०१६ साली तो तुरुंगात मेला. ऑस्बर्न यांच्या धीराचं कौतुक करताना हे पान वगळून चालणार नाही.

सोलिच यांची सहा वर्षं

ऑस्बर्न यांनी डिसेंबर १९९७मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा वारस ठरलेला होता. सोलिच क्लीव्हलंडमध्ये वाढले, साठच्या दशकात देवानींच्या संघात लहान चणीचे फुलबॅक म्हणून खेळले, मग नेब्रास्काच्याच शाळांत प्रशिक्षक झाले. १९७९ला विद्यापीठात आले आणि १९८३पासून धावपटूंना शिकवत राहिले.

१९९९ला १२ विजय, एक पराभव आणि बिग ट्वेल्व्ह साखळीचं विजेतेपद. २००१ला पहिले अकरा सामने सलग जिंकले, एरिक क्राउचला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळाली. तडा गेला तो बाराव्या सामन्यात. कोलोरॅडोने ६२-३६ असं धुतलं. गणकयंत्रांच्या क्रमवारीच्या कृपेने तरीही राष्ट्रीय अंतिम सामना मिळाला आणि तिथे मायामीने ३७-१४ असं हरवलं. २००२ तर वाईटच गेलं. पेन स्टेटकडून ४०-७, आयोवा स्टेटकडून ३६-१४. शेवटचा बोल सामनाही हरले आणि हिशेब सात-सात झाला. सलग चाळीस वर्षं जिंकत्या हंगामाची मालिका खंडित झाली.

घसरण खोटी नव्हती, हे पीडरसन यांच्या बाजूने म्हणायलाच हवं. मॅकब्राइड निवृत्त झाल्यावर बचाव ढिला पडला होता. जुनी बिग एट साखळी १९९६मध्ये टेक्ससच्या विद्यापीठांना घेऊन बिग ट्वेल्व्ह झाली होती. पैसा आणि वजन दक्षिणेकडे सरकलं होतं. ओक्लाहोमाशी दरवर्षी होणारा सामनाही आता दरवर्षी होत नव्हता. नव्या साखळीने शैक्षणिक पात्रता अर्धवट पूर्ण करणाऱ्या मुलांच्या प्रवेशावर मर्यादा घातल्या, त्याचा फटका नेब्रास्काला बसला. चांगली मुलं कॅलिफोर्निया, टेक्सस, फ्लोरिडाहून आणावी लागत, आणि त्या मुलांना आता व्यावसायिक संघांसारखा फेकता खेळ हवा होता.

पण सोलिच हातावर हात ठेवून बसलेले नव्हते. २००२च्या अखेरीस त्यांनी स्वतःच चमू बदलला. टेनोपिर, डार्लिंग्टन असे जुने सहकारी गेले. बचावासाठी बो पेलिनी हा तरुण, तापट माणूस व्यावसायिक फुटबॉलमधून आणला. फरक वर्षभरात दिसला. जोश बुलक्स या एकट्या खेळाडूने २००३मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे दहा पास मधल्यामध्ये पकडले. तीन पराभव झाले ते मिझूरी, टेक्सस आणि कॅन्सस स्टेटकडून. त्यांतला शेवटचा, घरच्या मैदानावर ३८-९, फार झोंबला. माझा अंदाज, निर्णय मनात तिथेच झाला असावा.

म्हणजे ज्या वर्षी बदल रुजायला लागला, त्याच वर्षी तो उपटला गेला.

४१ दिवस आणि पुढची चार वर्षं

सोलिच यांना काढताना पीडरसन यांच्या हातात नवा माणूस नव्हता. शोध ४१ दिवस चालला. मधल्या काळात पेलिनी हंगामी प्रशिक्षक झाले आणि अलामो बोलमध्ये संघाने मिशिगन स्टेटला १७-३ असं हरवलं. प्रेक्षक 'बो'च्या नावाचा गजर करत होते. ९ जानेवारी २००४ला नाव जाहीर झालं ते बिल कॅलहन यांचं. वर्षभरापूर्वी त्यांनी ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं, आणि पुढच्या हंगामानंतर तिथून त्यांना काढलं होतं.

कॅलहन हे कामातले जाणकार होते यात शंका नाही. आक्रमणाच्या रांगेचे शिक्षक म्हणून व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यांना नंतरही मान मिळाला. त्यांनी चांगली मुलंही आणली. पुढे देशभर गाजलेला नडामुकन सू २००५ला त्यांच्याच काळात आला. पण त्यांनी ऑप्शन मोडीत काढून पास फेकण्यावर आधारलेला, जाडजूड पुस्तकाएवढा खेळ आणला. त्यासाठी लागणारे खेळाडू नव्हते, आणि होते त्यांना वेगळंच शिकवलेलं होतं. वॉक-ऑन मुलांचं महत्त्व घटलं. २००४मध्ये टेक्सस टेकने ७०-१० असं हरवलं. त्या वर्षी पाच विजय, सहा पराभव. १९६१नंतरचा पहिला हरता हंगाम. सलग ३५ वर्षं मिळत आलेला बोल सामनाही हुकला.

मधली दोन वर्षं बरी गेली, २००६ला विभागात पहिला क्रमांकही आला. पीडरसन यांनी देणग्या मिळवून स्टेडियमची उत्तर बाजू वाढवली, नव्या इमारती बांधल्या. तो वाटा त्यांना दिलाच पाहिजे. २००७च्या जुलैमध्ये विद्यापीठाने त्यांचा करार पाच वर्षांनी वाढवला. सप्टेंबरमध्ये कॅलहन यांचा वाढवला. ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर ओक्लाहोमा स्टेटकडून ४५-१४ असा पराभव झाला आणि १५ ऑक्टोबरला पीडरसन गेले. नोव्हेंबरात कॅन्ससने ७६ गुण चढवले. महिनाअखेर कॅलहन गेले. त्यांच्या चार वर्षांचा हिशेब २७ विजय, २२ पराभव.

या तारखा मी मुद्दाम एकापाठोपाठ दिल्या. उन्हाळ्यात करार वाढवायचा आणि पावसाळा संपेपर्यंत तो पैसे देऊन मोडायचा, याचा अर्थ वरच्या मंडळींपाशी माणूस पारखायचं स्वतःचं असं काहीच साधन उरलं नव्हतं. देवानी सरावाकडे बघत होते. आता बघायचं ते गुणफलकाकडे आणि लोकांच्या चेहऱ्यांकडे.

पुन्हा नऊ-तीन

विद्यापीठाने सत्तरीच्या ऑस्बर्न यांना हाक मारली. ते मधल्या काळात अमेरिकन काँग्रेसमध्ये सहा वर्षं बसून आले होते. क्रीडा संचालक म्हणून त्यांनी पेलिनींना परत आणलं. २००८ ते २०१४ अशी सात वर्षं पेलिनींनी दरवर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले. २००९ला सूच्या जोरावर बिग ट्वेल्व्हचा अंतिम सामना टेक्ससकडून फक्त १३-१२ने हुकला. २०११ला नेब्रास्का बिग टेन साखळीत गेलं.

उणेही होतंच. पहिल्या सहाही वर्षी चार पराभव, आणि मोठ्या दिवशी संघ कोसळायचा. २०१२च्या साखळी अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने ७०-३१ असं हरवलं. २०१४ला त्याच विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन सामन्याच्या चारपैकी तीन भागांतच ४०८ यार्ड धावला. पेलिनींचा राग कॅमेऱ्यासमोर अनेकदा दिसला, आणि चाहत्यांबद्दल त्यांनी काढलेले अपशब्द ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आले. ऑस्बर्न २०१३च्या सुरुवातीला निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी बाहेरून आलेले शॉन आइकहोर्स्ट यांना हा माणूस वारशात मिळाला होता.

२८ नोव्हेंबर २०१४. आयोवात जादा वेळेत ३७-३४ असा विजय. हंगामाचा हिशेब नऊ विजय, तीन पराभव. दोन दिवसांनी पेलिनींना काढलं.

तीच तारीख, तोच आकडा, तसाच परगावचा विजय. पेलिनींच्या वागण्यामुळे हा निर्णय सोलिच यांच्या वेळेइतका मला अन्यायाचा वाटत नाही. पण त्यामागचा विचार तोच होता, की नवाच्या पुढे जायचं असेल तर नऊवाला बदलायचा. आइकहोर्स्ट यांनी ओरेगन स्टेटहून माइक रायली यांना आणलं. सज्जन, सौम्य गृहस्थ. तीन वर्षांत १९ विजय, १९ पराभव. २०१७च्या सप्टेंबरात आइकहोर्स्ट गेले, हंगामाअखेर रायली.

घरचा मुलगा

आता सगळ्या राज्याला उत्तर सापडलं असं वाटलं. स्कॉट फ्रॉस्ट. वुड रिव्हर गावचा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, ऑस्बर्नचा खेळाडू. सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला त्याने २०१७मध्ये अपराजित ठेवलं होतं. २ डिसेंबर २०१७ला तो लिंकनचा झाला.

या निवडीला मी दोष देऊ शकत नाही. तेव्हा देशभर ती उत्तमच म्हटली गेली. पण तिच्यामागे जो भाव होता तो तपासायला हवा. परंपरा परत आणायची म्हणजे त्या परंपरेतला माणूस आणायचा, असं सर्वांनी धरलं. ऑस्बर्न देवानींच्या हाताखाली दशकभर राबले होते. सोलिच ऑस्बर्नच्या हाताखाली एकोणीस वर्षं. फ्रॉस्ट लिंकनमध्ये खेळाडू म्हणून काय ती दोन-तीन वर्षं होता. प्रशिक्षकाचं काम तो ओरेगन आणि फ्लोरिडात शिकला. सहायकही फ्लोरिडाहूनच आणले. ज्या माणसांनी ती पद्धत हातात हात धरून पुढे दिली असती, ती २००३च्या आसपासच पांगली होती. नाव घरचं होतं, हात घरचे नव्हते.

२०१८ची सुरुवात सलग सहा पराभवांनी झाली. पुढे जे झालं ते बघवत नव्हतं. संघ लढायचा आणि शेवटच्या पाच मिनिटांत हरायचा. २०२१मध्ये नऊ सामने हरले आणि नऊही दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने. लाथ मारणारा चुकतो, चेंडू हातातून सुटतो, नको तेव्हा दंड होतो. ही ताकदीची उणीव नव्हती, सवयीची होती. चार फळ्यांना सारख्या फेऱ्या देणारा सराव नेमकं हेच शिकवत असे. २०१९मध्ये संघ हरत असतानाच फ्रॉस्टचा करार दोन वर्षांनी वाढवला गेला. पुन्हा तेच. २०२२च्या ऑगस्टमध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अकरा गुणांची आघाडी असताना त्याने चेंडू परत मिळवण्यासाठीची आखूड लाथ मारायला लावली. ती फसली आणि सामना गेला. ११ सप्टेंबरला, जॉर्जिया सदर्नकडून घरी हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी त्याला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर भरपाईची दीड कोटी डॉलरची रक्कम निम्मी झाली असती. तेवढाही धीर उरला नव्हता. फ्रॉस्टचा हिशेब १६ विजय, ३१ पराभव.

नोव्हेंबर २०२२मध्ये मॅट रूल आले. न्यूयॉर्कचे, नेब्रास्काशी आधी काही संबंध नसलेले. पहिल्या वर्षी पाच विजय, सात पराभव. दुसऱ्या वर्षी बोस्टन कॉलेजला २०-१५ असं हरवून नेब्रास्काने बोल सामना जिंकला. २०१६नंतर पहिल्यांदाच त्यांना बोल सामना मिळाला होता. बाहेरच्या या माणसाने वॉक-ऑन मुलांना पुन्हा मान दिला, राज्यातल्या शाळांच्या प्रशिक्षकांना भेटत फिरला, आणि जुन्या माणसांना बोलावणी धाडली.

त्या जुन्या माणसांत फ्रँक सोलिच होते. लिंकनहून निघाल्यावर ते २००५ला ओहायो विद्यापीठात गेले होते, जिथे फुटबॉलची फारशी कुणी दखल घेत नसे. तिथे ते सोळा हंगाम राहिले, ११५ सामने जिंकले, त्या विद्यापीठाला इतिहासातला पहिला बोल विजय मिळवून दिला आणि आपल्या साखळीत सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक ठरले. तिथे त्यांना कुणी घाई केली नाही. एप्रिल २०२३मध्ये वसंतातल्या सराव सामन्याच्या दिवशी ते मेमोरियल स्टेडियममध्ये परत आले, जवळजवळ वीस वर्षांनी. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.